पडद्याकडे पाठ करून पाहिलेला सिनेमा

येवल्यापासून नाशिकपर्यंत माणसाला उचलता येईल अशी एकही वस्तू नसेल, जी आमच्या चाचांनी कधी ना कधी उलटी करून पाहिलेली नाही. जी उचलता येत नाही, तिच्या मागच्या बाजूला ते स्वतः चालत जातात. देऊळ असो, दर्गा असो, तहसील कचेरी असो की कुणाचं नवं घर असो, पुढच्या दारातून आत शिरण्याआधी चाचा त्याला एक वेढा घालून येणार आणि मग "बरं हाय" म्हणणार, नाहीतर नुसतंच "हं" म्हणणार. "बरं हाय" म्हणजे पास, "हं" म्हणजे नापास. तिसरा शेरा त्यांच्याकडे नाही, आणि दिलेला शेरा त्यांनी कधी बदलल्याचं मला आठवत नाही.

चाचा माझे रक्ताचे कुणी नव्हेत. माझे वडील आणि ते येवल्यात एकाच खोलीत शेजारी-शेजारी मागांवर बसून आयुष्यभर पैठण्या विणत होते. वडील त्यांना भाई म्हणायचे म्हणून ते आमचे चाचा झाले. यापलीकडे नात्याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. आता हातमागावरच्या खऱ्या पैठणीची एक खूण असते. पदरावरचा मोर जसा पुढून दिसतो तसाच तो मागूनही दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागे सुटलेल्या धाग्यांची दाढी असते. म्हणून शहाणी बाई दुकानात गेली की आधी पदर उलटा करते. बाकीच्या विणकरांनी हा नियम साडीपुरता ठेवला. चाचांनी तो सगळ्या दुनियेला लावला. "चांगली बाजू तर समदेच दाखवतात बेटा," ते म्हणतात. "दुकानदार जी दाखवत नाय ती आपली."

लोक टरबूज वाजवून घेतात. चाचा ते ज्या अंगावर शेतात पडून होतं तो पिवळा डाग शोधतात आणि तो सापडेपर्यंत विक्रेत्याची सगळी रास पालथी घालतात. आमच्याकडे नवा मिक्सर आला तेव्हा त्यांनी तो भांड्यासकट उलटा केला. भांड्यात शेंगदाण्याची चटणी होती. ती ओट्यावर, भिंतीवर आणि माझ्या नुकत्याच धुतलेल्या केसांवर जाऊन बसली, तरी चाचा खालचे रबराचे पाय एकेक दाबून पाहत होते. "पाय घट्ट हायेत," ते म्हणाले. चटणीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. चटणी त्यांच्या तपासणीत येत नव्हती.

मी मात्र चाचांच्या या खोडीला हसताना जरा जपून हसते, कारण मी आज जी काही आहे ती त्या खोडीमुळे आहे. बारावी झाल्यावर मला नाशिकच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजचं फाटकसुद्धा ओलांडलेलं नव्हतं. वडिलांना भीती कॉलेजची नव्हती, होस्टेलची होती. "पोरगी कुठं राहील, कुणासंगं राहील, आपल्याला काय कळणार?" एवढंच ते म्हणायचे आणि माग चालू करायचे. शेवटी चाचा म्हणाले, "मी बघून येतो." मी त्यांच्याबरोबर एसटीने नाशिकला आले. होस्टेलला पुढे बाग होती, कमान होती, कमानीवर सुविचार होता. चाचांनी त्यातलं काही पाहिलं नाही. मागच्या भिंतीला वळसा घालून ते गेले ते थेट कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी. तिथे अर्धा तास उभे राहिले. मी लाजेने अर्धी झाले. रेक्टरबाई येऊन विचारू लागल्या, "काय पाहिजे बाबा तुम्हाला?" चाचा म्हणाले, "काय नाय, तुमचं चालू द्या." परत आल्यावर त्यांनी वडिलांना सांगितलं, "मागनं बरं हाय. एका पोरीचे कपडे सुकले तर दुसरी पोरगी त्याची घडी करून ठेवते. पाठव."

आणि मला पाठवलं. तीन वर्षांनी आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी घेऊन आले. तो कागद वडिलांनी दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांना लावला आणि भाईच्या हातात दिला. भाईने अर्थातच तो उलटा केला. मागे कोरा. "एवढं शिकवून ह्यांनी अर्धंच काम केलंय," चाचा म्हणाले. तरीही वडिलांनी त्या पदवीला दोन्ही बाजूंनी काच असलेली फ्रेम करून घेतली. न जाणो, चाचांना पुन्हा पाहायची झाली तर. लग्नाच्या वेळी मुलगा पाहायला आला तेव्हा सगळे त्याचं शिक्षण, पगार, शेती विचारत होते. चाचा दारात जाऊन त्याच्या चपला उलट्या करून बसले. तळ दोन्हीकडे सारखा झिजला होता. "सरळ चालतो," असा निकाल आला आणि साखरपुडा ठरला. तो सरळ चालणारा माणूस आज माझा नवरा आहे, आणि त्या दिवशी आपल्याला चपलेवरून पास केलं ही गोष्ट तो अजून पुरती विसरलेला नाही.

विसरणार कसा? तो स्वतः तपासनीस आहे. इथे नाशिकमध्येच सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. त्याचा विश्वास तक्त्यावर. एका रकान्यात दोष, दुसऱ्यात संख्या, खाली सही. आमची तन्वी तेरा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षं गंगापूर रोडला बॅले शिकते. बॅले म्हणजे काय हे मला तिनेच शिकवलं. मी तोवर तो शब्द फक्त शब्दकोड्यात पाहिला होता. या नाचात एक दिवस असा येतो की मुलीला पुढे लाकडासारखं कडक टोक असलेले बूट मिळतात आणि ती अंगठ्याच्या टोकावर उभी राहते. तन्वी चार वर्षं त्या बुटांसाठी जगत होती. या वर्षी मॅडम तिचं नाव घेतील अशी आशा होती. नेमका तेव्हाच क्लासमधून एक कागद आला. मुलींना बॅले शाळेतल्या मुलींवरचा एक सिनेमा दाखवायचा आहे, पालकांची संमती हवी.

माझ्या नवऱ्याने मोबाईलवर त्या सिनेमाची माहिती काढली. पालकांसाठी असा तयार तक्ताच कुठेतरी असतो हे त्याला त्या दिवशी कळलं आणि त्याचा चेहरा उजळला. जेवायला बसल्यावर त्याने तो किराण्याच्या यादीसारखा वाचून दाखवला. "चुंबन, दोन ठिकाणी. दारू, एका पार्टीत. शिव्या, अधूनमधून. रक्त, पायाचं. अपुरे कपडे, जवळजवळ सगळीकडे." मग मोबाईल पालथा ठेवून तो म्हणाला, "सिनेमाच जर असला आहे, तर त्या क्लासमध्ये पुढं काय असेल? सिनेमा नाही, आणि क्लासही नाही. मार्चपासून बंद." तन्वी ताटावरून उठली नाही, रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, तुम्ही बघितलाय का?" तो म्हणाला, "मला बघायची गरज नाही." हे वाक्य ऐकलं आणि मी हात धुवून येवल्याला फोन लावला. न पाहता नापास करणं आमच्या माहेरी बसत नाही.

चाचा शनिवारी सकाळच्या गाडीने आले. आल्या-आल्या त्यांनी संमतीचा कागद उलटा केला, मोबाईल उलटा केला, आणि दोन्हीत काही नाही असं पाहून म्हणाले, "लावा सिनेमा. पोरीला बसवा." दुपारी आम्ही मोबाईल टीव्हीला जोडला. सोफ्यावर मधोमध तन्वी, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हातात रिमोट घेऊन तिचा बाप. चुंबन आलं की सिनेमा पुढे पळवायचा अशी त्याची तयारी होती. समोर चकल्यांचा डबा. चाचांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, ती टीव्हीच्या पुढ्यात, सोफ्यापासून दोन हातांवर ठेवली, आणि टीव्हीकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसले.

"चाचा, टीव्ही तिकडं आहे," माझा नवरा म्हणाला.

"ठाऊक हाय. तो काय पळून चाललाय?"

"म्हणजे तुम्ही बघणार नाही?"

"बघतोय की. तुम्ही तिकडनं बघा, मी इकडनं बघतो."

"अहो पण तन्वीला दाखवावा की नाही, हेच तर ठरवायचंय. तिलाच बसवल्यावर उरलं काय?"

"साडी विणल्याबिगर उलटी कशी करायची, जावई?"

माझ्या नवऱ्याने रिमोटचं बटण दाबलं. सिनेमा सुरू झाला.

लहान गावातली एक मुलगी मोठ्या बॅले शाळेत येते. कडक बाई, हेवा करणारी मैत्रीण, वर्षअखेरचा मोठा प्रयोग, असा तो सिनेमा. चाचा आमचे चेहरे वाचत होते, आणि आपले चेहरे कुणी वाचत असलं की माणूस किती अवघडून बसतो हे मला तेव्हा कळलं. पहिल्या चुंबनाला माझ्या नवऱ्याच्या बोटांनी भलतंच बटण दाबलं आणि ते चुंबन पडद्यावर थिजून राहिलं. तन्वीने चकली घेतली. "बाबा, जाऊ दे ना पुढं," ती कंटाळून म्हणाली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "पोरीला काय झालं नाय," ते म्हणाले. "जावई मात्र लाजले." पार्टीतली दारू आली तेव्हा तन्वी मला म्हणाली, "हे लोक सारखं का ओरडतात गं?" चाचांनी मान डोलावली. तेही पास.

मग नाचाचा सराव आला. त्या कडक बुटांचे लाकडी फळीवर आवाज येऊ लागले, ठक ठक, एका लयीत. आणि मी पाहिलं, खुर्चीखाली चाचांचे दोन्ही पाय हलू लागले होते. एक खाली, एक वर. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या दाबत दिवस काढतो. त्या चालीवर ते पाय चालले होते आणि चाचांना त्याचा पत्ता नव्हता. "ह्या पोरी पायानं काम करतात," ते हळूच म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी न पाहता एखाद्या गोष्टीला मान दिलेला मी पाहिला.

त्यानंतर जे घडलं ते तक्त्यात नव्हतं. सिनेमातल्या त्या मुलीला बाई म्हणतात, तू जड झालीस. रात्रीच्या जेवणाला ती मुलगी घास रुमालात लपवते आणि नंतर फेकून देते. मी पडद्यात गुंतले होते. माझा नवरा पुढचं चुंबन कधी येतंय याची वाट पाहत सावध बसला होता. तन्वीने हातातली अर्धी चकली डब्यात परत ठेवली.

"थांबवा," चाचा म्हणाले. सिनेमा थांबला. "आता काय चाललंय तिकडं?"

"काही नाही, ती मुलगी जेवत नाहीये," माझा नवरा म्हणाला. "यात काही आक्षेपार्ह नाही."

चाचा खुर्ची पुढे ओढून तन्वीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ आले. "बेटा, तुझा शाळेचा डबा कोण खातं?"

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी तो डबा रोज भरते आणि रोज रिकामा घासते. "अर्धा मी खाते," ती म्हणाली. "अर्धा मैत्रिणीला देते. क्लासमधली मोठी ताई म्हणाली, वजन कमी असलं तरच मॅडम बूट देतात. नाहीतर अंगठे मोडतात."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

माझ्या नवऱ्याने रिमोट खाली ठेवला. त्या माणसाने एकेका दोषाची संख्या मोजली होती, आणि खरा दोष त्याच्या शेजारी बसून चकली परत ठेवत होता. मी पदवीधर, शाळेच्या ऑफिसात शंभर मुलींच्या हजेऱ्या पाहणारी, मलाही दिसलं नव्हतं. आम्ही दोघं काही बोलणार तोच चाचांनी हात वर केला. "तिला रागवायचं नाय," ते म्हणाले. मग तन्वीला म्हणाले, "मी पन्नास वर्षं पायानं काम केलं. सकाळी दोन भाकरी, दुपारी दोन भाकरी. एक दिवस रोजा सोडायच्या आधी मोठी वीण काढायला बसलो, तर संध्याकाळी पाय थरथरायला लागला आन् काठ वाकडा गेला. पाय पोटावर चालतो, बेटा. तुझ्या त्या ताईला कुणी शिकवलं?" तन्वी पहिल्यांदा हसली. तिने ती चकली उचलली, आणि आम्ही राहिलेला सिनेमा लावला. पुढे दुसरं चुंबनही येऊन गेलं. रिमोट टेबलावरच होता.

सिनेमा संपल्यावर चाचा उठले आणि निकाल सांगितला. "सिनेमा बरं हाय. पोरगी बरं हाय. डबा, हं." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "हा सिनेमा नसता बघितला, तर हे कधी कळलं असतं, जावई?" माझ्या नवऱ्याने पेन काढलं आणि संमतीच्या कागदावर सही केली. मी त्याच्यावर कितीही हसले तरी एक सांगते, चूक कळल्यावर सही करायला तो कधी मागे-पुढे पाहत नाही.

चाचा त्या दिवशी परत जाणार होते, पण म्हणाले, आता अर्ध्यावर सोडता येत नाही. सोमवारी माझा नवरा अर्ध्या दिवसाची रजा टाकून मॅडमना भेटला. मॅडमना हे काहीच माहीत नव्हतं. त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या, आणि सिनेमा दाखवायचा तो पुढच्या शनिवारी सगळ्या आयांना बरोबर बसवूनच, असं त्यांनी ठरवलं. येताना प्रत्येकीने डबा आणायचा. सिनेमा जेवणाच्या त्या प्रसंगापर्यंत आला की थांबवायचा, आणि सगळ्यांनी तिथेच जेवायचं.

त्या शनिवारी क्लासच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस मुली, तेवढ्याच आया, मागे मोजके बाप. पडद्याच्या पुढे, पडद्याकडे पाठ करून, पांढरी टोपी घातलेले आमचे चाचा. एक बाई मला हळूच म्हणाल्या, "ते आजोबा ऑपरेटर आहेत का?" माझ्या नवऱ्याने ऐकलं. "नाही, परीक्षक आहेत," तो म्हणाला, आणि मला वाटतं चपलेचं प्रकरण त्या क्षणी मिटलं. ठरल्या जागी सिनेमा थांबला. मॅडम उभ्या राहिल्या. "बूट वजनावर मिळत नाहीत, घोट्याच्या ताकदीवर मिळतात. जिनं कुणी डबा टाकला असेल, तिनं आज इथं माझ्यासमोर खायचं." एक हात वर झाला. मग चार. मग ती मोठी ताईही आपला डबा उघडून बसली. थालीपीठ, मेथीचे पराठे, कुणाची साबुदाण्याची खिचडी. त्या एवढ्या नाजूक नाचाच्या हॉलमध्ये लोणच्याचा असा वास सुटला की विचारू नका. शेवटच्या प्रसंगात सिनेमातली मुलगी दुखऱ्या पायाने नाचली तेव्हा आमच्या पोरी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि चाचा त्यांच्याकडे असे पाहत होते, जणू नुकतीच मागावरून उतरवलेली साडी कुणीतरी त्यांच्यापुढे उलगडली आहे.

सगळं झाल्यावर मॅडमनी तन्वीला भिंतीलगतच्या सरावाच्या दांड्यापाशी उभं केलं. घोटे दाबले, टाचा उचलायला लावल्या, पुन्हा उचलायला लावल्या. मग वही काढून बुटांच्या यादीत तिचं नाव लिहिलं. माझ्या नवऱ्याने ते आधी पाहिलं आणि मला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तन्वी चाचांना बसस्टँडवर सोडायला गेलो. येवल्याच्या गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसल्यावर चाचांनी तन्वीला विचारलं, "बेटा, त्या सिनेमातल्या पोरीच्या पायाचं शेवटी काय झालं?"

मी हसले. "चाचा, दोन वेळा सिनेमा झाला. एकदा वळून बघायचं होतंत की."

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वळून बघितलं होतं," ते म्हणाले. "आता उजेडाकडं बघितलं ना, की समदं पांढरं दिसतं. मोतीबिंदू पिकलाय म्हणे. दिवाळीपासून मागावर बसलो नाय मी. जवळ आलेलं माणूस तेवढं दिसतं." मग घाईघाईने म्हणाले, "तुझ्या चाचीला ठाऊक हाय. बाकी कुणाला सांगू नको."

दिवाळीपासून. तपासायचे दवाखाने, ऑपरेशन, कुणी रजा घ्यायची, हे सगळं डोक्यात एकदम सुरू झालं, आणि ते आता मी करणारच आहे. पण तन्वी माझ्यासाठी थांबली नाही. ती चाचांच्या पुढ्यात उकिडवी बसली, तोंडाशी तोंड येईल इतकी जवळ, आणि अगदी सुरुवातीपासून सांगू लागली. ती मुलगी गावाहून कशी आली, तिच्याकडे कुठल्या रंगाची पेटी होती, बाई दिसायला कशा होत्या, पहिल्यांदा टोकावर उभी राहिली तेव्हा तिने दात कसे आवळले. चाचा मध्येच विचारायचे, "आन् फळी कुठल्या लाकडाची?" आणि तन्वी आठवून सांगायची. येवल्याची गाडी फलाटावर लागली, कंडक्टरने दोनदा नाव पुकारलं, गाडी भरली आणि निघून गेली. मी त्यांना सांगितलं नाही. अजून तिच्या पायाची गोष्ट यायची होती.